‘पाहून सांगते’ म्हणण्याची लाज

“मॅडम, ऐन वेळी मला काही आठवतच नाही.”

फार्म.डी., म्हणजे फार्मसीतली व्यावसायिक डॉक्टरेट करणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचं वाक्यही मला ठाऊक असतं. औषधं हजारो, डोकं एक. परीक्षेत कसंबसं निभावेल, पण उद्या वॉर्डात माझ्या विसरण्यामुळे कुणाच्या जिवावर बेतलं तर? ही काळजी घेऊन येणारी मुलं अभ्यासू असतात, बहुतेक वेळा वर्गात पुढची. म्हणून त्यांच्यातल्याच एका मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आठ-नऊ भेटींतलं मोजकंच इथे घेतलं आहे.

ती आली तेव्हा रुग्णालयातली पोस्टिंग सुरू होऊन तीन महिने झाले होते. झोप जेमतेम चार तास. सकाळी डॉक्टरांबरोबर राउंडला निघायच्या आधी पोटात गोळा यायचा. तेच पान पाच वेळा वाचायचं आणि पुस्तक मिटलं की सगळं कोरं. खुर्चीत टेकते न टेकते तोच ती म्हणाली, “मला सगळे डोस पाठ असायलाच हवेत. विचारल्या विचारल्या उत्तर देता आलंच पाहिजे. नाहीतर मी या पेशाच्या लायकच नाही.”

मी तिची तिन्ही वाक्यं कागदावर जशीच्या तशी उतरवली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. “यात एक अक्षर पुन्हापुन्हा आलंय. कुठलं?”

बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “च?”

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात मांडलेल्या विचारावर माझी पहिल्यापासून भिस्त आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाला इच्छा असण्यात काही बिघडत नाही. इच्छेचा हट्ट झाला की बिघडतं. आपल्या भाषेत तर हा हट्ट कानांनी ऐकू येतो. ‘यायला हवं’ ही इच्छा आणि ‘यायलाच हवं’ हा हट्ट. मधे फक्त एक ‘च’. इतक्या वर्षांच्या कामात हा ‘च’ पकडण्याइतकं उपयोगी दुसरं काही माझ्या हाती लागलेलं नाही.

तिला मात्र ते पटलं नाही. “मॅडम, तो ‘च’ काढला तर मी ढिली पडेन. आमचं काम औषधांचं आहे. तिथे ‘जमलं तर बघू’ चालत नाही.”

तिचा मुद्दा बिनतोड होता, आणि इथेच पुष्कळ वडीलधारे चुकतात. ‘अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस, होतं सगळं नीट’ असं म्हटलं की मूल गप्प होतं. त्याला वाटतं, यांना कळलंच नाही. तिची भीती काल्पनिक नव्हती. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध थोडं कमी पडलं तर गुठळी आणि थोडं जास्त झालं तर रक्तस्राव. हृदयासाठीचं डिगॉक्सिन आणि मनोविकारावरचं लिथियम यांचंही तसंच. चूक झाली तर काय बिघडतं, असं तिला सांगणं म्हणजे तिच्या कामाचा अपमान ठरला असता. म्हणून मी तो वाद तिथेच सोडला आणि तिच्या चुकांबद्दल विचारलं.

पुढच्या भेटीला ती एक वही घेऊन आली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेले. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले दोन रकाने, एकात तारीख आणि दुसऱ्यात ‘काय चुकलं’. तीन महिन्यांत पंचवीस-तीस नोंदी, सगळ्या लाल शाईत. मी म्हटलं, “वाच.” ती भराभर वाचत गेली. कुठे एका गोळीचं व्यापारी नाव आठवलं नाही, कुठे मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी डोसचं गणित करायला वेळ लागला. मग एक नोंद आली: ‘मेथोट्रेक्सेट. सरांनी विचारलं, सांगता आलं नाही.’

“इथे थांब. हे सावकाश सांग. सर नेमकं काय म्हणाले?”

“संधिवाताच्या एक वयस्कर बाई होत्या. मेथोट्रेक्सेट चालू. लघवीत संसर्ग झाला म्हणून को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक सुरू करायचं होतं. सरांनी विचारलं, दोन्ही चालतील का? माझं डोकं रिकामं. सगळे बघताहेत. मी म्हटलं, ‘सर, पाहून सांगते.’ इतकी लाज वाटली ना मॅडम.”

“मग?”

“मग काय, जाऊन पाहिलं. दोन्ही औषधं शरीरातल्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या आड येतात. एकत्र दिली तर अस्थिमज्जेवर घाला येऊ शकतो, रक्तपेशी घटतात. ते सरांना सांगितलं. त्यांनी अँटिबायोटिक बदललं.”

“एवढंच?”

ती जरा थबकली. “नाही. संदर्भ उघडला तेव्हा वरच डोस दिसला. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच देतात. मी पुन्हा चार्ट बघितला, तर त्यावर रोज एकदा असं लिहिलेलं होतं. आदल्याच दिवशी भरती झाल्या होत्या, एक डोस गेला होता. सरांनी लगेच दुरुस्त केलं.”

मी काहीच बोलले नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी रोज दिलं गेल्याने माणसं दगावली आहेत. औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणारे लोक जगभर या एका चुकीबद्दल वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आले आहेत. हे मला तिच्याआधी आलेल्या मुलांकडून कळलं होतं, आणि तिला ते माझ्यापेक्षा कितीतरी नीट माहीत होतं.

“त्या दिवशी सरांच्या प्रश्नाचं उत्तर तुला तोंडपाठ असतं तर?”

“तर लगेच सांगितलं असतं. नका देऊ म्हणून.”

“आणि मग?”

“मग राउंड पुढच्या...” तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिने वहीकडे पाहिलं. लाल अक्षरांवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसली. “राउंड पुढच्या खाटेकडे गेला असता,” ती म्हणाली. “चार्ट मी परत उघडलाच नसता.” आणि रडायला लागली.

मी तिला रडू दिलं. त्या दोन-तीन मिनिटांनी जे केलं ते मला आणखी चार भेटींत बोलून जमलं नसतं. ज्या कामासाठी हा पेशा आहे ते तिने चोख बजावलं होतं, आणि तीन महिने ते चुकांच्या रकान्यात मांडून ठेवलं होतं. तिच्या हिशेबात ‘आठवलं’ म्हणजे जमा आणि ‘पाहिलं’ म्हणजे खर्च.

याचा अर्थ विसरणं चांगलं असा कुणी काढू नये. तिनेही काढला नाही. पण लायकी स्मरणशक्तीत आहे ही तिची समजूत त्या दिवशी हलली. ‘आठवायलाच हवं’ हा हट्ट दोन्हीकडून नुकसान करतो. ऐन वेळी भीतीने आठवण गोठते, आणि लाज वाटते म्हणून माणूस पाहायला जाण्याऐवजी अंदाजाने उत्तर ठोकून देतो. तिला भीती होती ती ‘च’ सोडल्याने ढिलं पडण्याची. खरा धोका त्या ‘च’मध्येच होता. हे माझ्याकडून ऐकण्याआधी तिनेच बोलून दाखवलं.

अभ्यासाचं आम्ही नंतर बोललो. काही गोष्टी डोक्यात हव्यात, पण त्या मोजक्या: ज्यांच्या डोसमध्ये चुकीला जागा नाही अशी औषधं, आणि कुठली लक्षणं दिसली की तातडीने हाक मारायची. औषधांच्या गटाचं वागणं समजलं की नावं मागोमाग येतात. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असेल तर रक्तदाबावरच्या एनालाप्रिलची भावंडं, ‘स्टॅटिन’ असेल तर कोलेस्टेरॉलवरच्या अटॉर्व्हास्टॅटिनची. बाकीचं कुठे आणि किती झटकन सापडतं हे हाताला सवयीचं हवं, आणि तेही कौशल्यच आहे. पान पाच वेळा वाचण्यापेक्षा एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते लिहून काढणं आठवणीत जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली हे प्रयोगांतून दाखवलं. आणि झोप. चार तास झोपलेल्या माणसाच्या हाती डोसचं गणित देऊ नये, तो माणूस आपण स्वतः असलो तरी. झोप उडालेलीच राहिली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर समुपदेशनावर न थांबता मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं, हेही मी प्रत्येकाला सांगते.

दुसरी एक खंत जवळपास सगळेच बोलून दाखवतात: इतकी वर्षं शिकून लोक म्हणतात, तुम्ही कसले डॉक्टर? अभ्यासक्रम काही लहान नाही. भारतात २००८पासून तो सुरू आहे, बारावीनंतर सहा वर्षांचा, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायला आता हीच पदवी लागते. पण मानाची सुई ‘डॉक्टर’ या शब्दावर अडकली की मन दुसऱ्याच्या जिभेवर टांगलेलं राहतं. हेप्लर आणि स्ट्रँड या फार्मसीच्या प्राध्यापकांनी १९९०मध्ये मांडलेला विचार मला इथे मोलाचा वाटतो. औषध हातात दिलं की फार्मासिस्टचं काम संपत नाही. त्या औषधाने रुग्णाचं काय झालं याचीही जबाबदारी तो उचलतो. त्या बाईंच्या चार्टपाशी ही मुलगी नेमकं तेच करत होती.

शेवटच्या भेटीत तिने वही दाखवली. रकाने आता तीन होते. तिसऱ्याचं नाव ‘पाहिल्यामुळे काय सापडलं’. निघताना दाराशी थांबली. टेबलावरच्या माझ्या गोळ्यांच्या डब्यांकडे तिचं लक्ष होतं.

“मॅडम, थायरॉइडची गोळी आणि ही कॅल्शियमची, दोन्ही एकदमच घेता?”

“हो, सकाळीच. विसरायला नको म्हणून.”

“मधे अंतर हवं. किती ते एकदा पाहून सांगते.” माझ्याकडे बघतच ती हे म्हणाली, मग फोन काढून तिथेच उभ्या उभ्या वाचलं. “चार तास. थायरॉइडची उपाशीपोटी, कॅल्शियम दुपारी जेवणानंतर घ्या. आणि पुढच्या तपासणीला तुमच्या डॉक्टरांना सांगा, की आधी दोन्ही एकत्र घेत होते.”

मी डायरी ओढली आणि लिहून घेतलं.