मास स्पेक्ट्रोमीटरच्या आधी घुशीचं बीळ

अगं, मेल वाचला. बॉटनीत बीएस्सी झालं, आता पुरातत्त्वात यायचंय आणि प्रश्न काय, तर आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) शिकू की डीएनए. मी म्हणेन की यातलं काहीही शीक, पण आधी एक अख्खा सीझन ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननाच्या खड्ड्यात, बस. तुला वाटेल मॅडम उत्तर टाळतायत, पण हेच उत्तर आहे, का ते सांगते.

इनामगाव घे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथं उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी, आणि सोबत धान्य बघायला काजळे, जनावरांची हाडं बघायला थॉमस, नदीचे थर वाचायला राजगुरू, माणसांचे सांगाडे बघायला वाळिंबे. आज याला मल्टिडिसिप्लिनरी म्हणून मिरवतात, तिथं ते त्या काळात चाललं होतं. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. मधल्या अर्ली जोर्वे काळात (जोर्वे ही इथली तेव्हाची शेतकरी संस्कृती, तिचा हा आधीचा टप्पा) सगळं बरं चाललेलं, चौकोनी घरं, पाटाचं पाणी, जवाची शेती, एक पाच खोल्यांचं घर आणि शेजारी धान्याचं कोठार. मग इ.स.पू. १००० च्या आसपास, लेट जोर्वे म्हणजे शेवटच्या टप्प्यात, चित्र पालटतं, छोट्या गोल झोपड्या येतात, जव कमी होतो, गाईबैलांपेक्षा शेळ्यामेंढ्या आणि शिकारीकडे कल जातो. ढवळीकरांचं म्हणणं होतं, पाऊस हटला, दुष्काळ पडला, लोक अर्धभटके झाले. पटतंच ना, शिरूरकडच्या माणसाला तर लगेच पटतं.

पण मग जुन्या सांगाड्यांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्याच लहान मुलांची हाडं परत अभ्यासली. इनामगावला मेलेल्या बाळांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घरातच जमिनीखाली पुरायचे, त्यामुळे एवढ्या लहान मुलांचे सांगाडे शिल्लक राहिले, जे सहसा राहत नाहीत. लेट जोर्वेतल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली, म्हणजे हाल झाले हे खरं, पण हवामानाचा पुरावा तपासला तर नेमका त्याच वेळी पाऊस कोसळल्यासारखा कमी झाला असं काही दिसेना. पुढे लोणारच्या तळ्यातल्या गाळाचा कोअर, म्हणजे नळीने काढलेला उभा नमुना, आला, त्यात लांबलचक कोरडे काळ आहेत ते आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचे आणि मग थेट २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. लेट जोर्वे, म्हणजे साधारण ३००० ते २७०० वर्षांपूर्वीचा काळ, बसतं मधल्या फटीत! आता लोणार तिथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तिथला पाऊस म्हणजे घोडकाठचा पाऊस नाही, हे कुणीही म्हणू शकतं आणि म्हणावंच. माझं मत विचारशील तर दुष्काळ हे आपल्याकडे फार सोपं उत्तर झालंय, जमीन थकली का, माणसं वाढली का, नात्यागोत्यातलं काही बिनसलं का, हे विचारायच्या आधीच आपण आभाळाकडे बोट दाखवून मोकळे होतो.

आणि हे सगळं कधी बोलता येतं, तर ते हाड, तो दाणा नक्की कुठल्या थरातला हे कुणीतरी नीट लिहून ठेवलंय म्हणून. आपली काळी माती उन्हाळ्यात हातहात भेगाळते, वरचा दाणा त्या भेगेतून खाली जातो आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरात जाऊन बसतो. घुशीचं बीळ तर त्याहून वाईट, सेक्शनमध्ये, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या कापलेल्या भिंतीत, ते फक्त जरा वेगळ्या रंगाची भुसभुशीत गोल चकती दिसतं, सकाळच्या तिरप्या उन्हात पटकन कळतं, दुपारी अजिबात नाही. ती चकती ज्याला दिसली नाही त्याचं सॅम्पल लॅबमध्ये जातं, मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनानुसार मोजणारं मशीन, इमानदारीत आकडा काढून देतं, आकडा बरोबर असतो आणि निष्कर्ष साफ चुकलेला. डेटिंगला, म्हणजे वय काढायला, शक्यतो दाणा दे, वाशाचा कोळसा नको, झाड म्हातारं असेल, वासा जुन्या घरातून काढून परत वापरलेला असेल, मग तारीख घराची न येता झाडाची येते.

बॉटनीवाली आहेस तर फ्लोटेशनपासून, म्हणजे पाण्यावर दाणे तरंगवण्यापासून, सुरू कर. बादलीत पाणी, त्यात माती, हाताने हलकेच ढवळायचं, जळलेले दाणे वर येतात, बारीक चाळणीत घ्यायचे आणि सावलीत वाळवायचे, उन्हात ठेवलेस तर तडकतात. जळलेलेच का, तर न जळलेले कधीच कुजून गेले. म्हणजे चुलीपाशी जे पोचलं तेच आपल्याला सापडतं, पालेभाज्या, कंदमुळं जवळपास गायब, हे डोक्यात ठेवूनच 'ते लोक काय खायचे' यावर तोंड उघडायचं.

आयसोटोपचं म्हणशील तर जव, गहू, तांदूळ एका गटात आणि ज्वारी, बाजरी, नाचणी दुसऱ्या, खाणाऱ्याच्या हाडातल्या कार्बनच्या आयसोटोपवरून हा फरक कळतो, पण आपल्या उष्ण हवेत हाडातलं कोलॅजन, म्हणजे त्यातलं प्रथिन, टिकत नाही, बऱ्याचदा दाताच्या एनॅमलवर, म्हणजे वरच्या कडक थरावर, भागवावं लागतं. डीएनएचं रडगाणं तेच, त्याहून जास्त. दगडातून माती आणि अन्नामार्गे दातात उतरणाऱ्या स्ट्रॉन्शियम या धातूवरून माणूस कुठून आला ते कळतं म्हणतात, कळतं, पण दगड बदलला तर! जुन्नरहून इनामगावला आला तर दोन्हीकडे बेसॉल्टच, आकडा जवळपास सारखाच येणार. म्हणून टेक्निक आधी ठरवून मग साइट शोधणाऱ्यांची मला भीती वाटते, आणि ही जमात वाढतेय.

लॅब नंतर मिळतील गं, लखनौला बिरबल साहनी संस्था आहे, अहमदाबादला पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) आहे, लोक मदत करतात. त्याआधी घाई आहे ती वेगळीच, पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती खत म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर भरून शेतात जातेय, तुझ्या गावाजवळचं टेकाड आहे का शिल्लक ते या सुट्टीत बघून ये, खापरं उचलू नकोस, फोटो काढ आणि जागा लिहून ठेव. आणि पुढच्या मेलमध्ये मला एकच प्रश्न पाठव, त्या लोकांबद्दल तुला काय जाणून घ्यायचंय तो, त्यात कुठल्याही मशीनचं नाव नको.