डुक्कर फियाटची किंमत वाढली, ती कोणाची?

प्रश्न: (सांगलीच्या एका वाचकाच्या पत्राचा गोषवारा) वडिलांची १९५७ची फियाट ११०० आहे. तिला घरात सगळे 'डुक्कर'च म्हणत. वडील २०१४ मध्ये वारले. २०१८ मध्ये ती पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये पुन्हा उभी करायला दिली. वहीच्या पानावर चार लाखांचा अंदाज आणि दोन वर्षांची मुदत लिहून मिळाली. आजवर अडीच लाख दिलेत. गाडी आता तयार आहे, पण मिस्त्री नऊ लाखांचं बिल पुढे करतात, वर २०२२ पासून रोजचे दोनशे रुपये जागाभाडं. एका संग्राहकाने बारा लाखांना मागितल्यापासून तर 'विकू या, निम्मे-निम्मे' हा त्यांचा हट्ट आहे. 'मी हात लावला नसता तर भंगारात वीस हजार आले असते,' असं ते म्हणतात. आरसी बुक त्यांच्याकडेच आहे. लग्नाच्या फोटोंसाठी गाडी भाड्याने जाते असंही कळलंय. वाढलेल्या किमतीत त्यांचा वाटा आहे का? ही आमची गुंतवणूक परत कशी मिळवू?

उत्तर: तुमच्या पत्रात बारा लाख सात वेळा आलेत आणि आरसी बुक एकदा. मला काळजी त्या एकदा आलेल्या गोष्टीची वाटते. पण आधी तुम्ही विचारलेलं.

किमतीत मिस्त्रींचा वाटा नाही. तुम्ही गाडी त्यांना विकली नाही, भागीदारीत घातली नाही, कामासाठी ताब्यात दिली. भारतीय करार अधिनियम, १८७२ याला निक्षेप म्हणतो. मालकी तुमच्याकडेच राहते, आणि बाजार चढला तर तो मालकासाठी चढतो, पडला तरी मालकासाठीच. उद्या हीच गाडी कोणी तीन लाखांनाही घेईना, तर मिस्त्री तोटा निम्मा वाटून घेणार होते का, हे त्यांना शांतपणे विचारा.

याच कायद्याचं कलम १६३ मला फार आवडतं. निक्षेपात दिलेल्या वस्तूपासून काही वाढ किंवा नफा झाला, तर वेगळं काही ठरलं नसेल तेव्हा तोही मालकाला द्यावा लागतो. कायद्यातच दिलेलं उदाहरण असं: 'अ'ने 'ब'कडे गाय सांभाळायला ठेवली, गाय व्यायली, तर 'ब'ने गाय आणि वासरू दोन्ही परत करायचं. मुंबईत बसून इंग्रजी कायदा घोकलेल्या वकिलालाही हे गावाकडच्या माणसाइतकंच पटकन समजतं. तुमच्या प्रकरणात वासरू म्हणजे लग्नांचं भाडं. ते मिस्त्रींच्या खिशात गेलं असेल तर त्याचा हिशेब मागायचा हक्क तुम्हाला आहे. शिवाय तुमच्या परवानगीशिवाय गाडी वापरल्याने कलम १५४ लागतं. त्या वापरात गाडीचं काही नुकसान झालं, तर ते त्यांनी भरून द्यायचं. त्या फोटोंचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. मिस्त्री गाडी अडवून धरतात, ही निव्वळ दादागिरी नाही. कलम १७० त्यांना धारणाधिकार देतं. वस्तूवर कष्ट किंवा कसब खर्च केलं असेल, तर त्याचा रास्त मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. पैलू पाडायला दिलेला हिरा जवाहिऱ्याला असाच ठेवून घेता येतो. तुमचे अडीच लाख गेलेत, ठरले होते चार. म्हणजे दीड लाख तर तुमच्याच हिशेबाने बाकी आहेत. ते न देता 'गाडी सोडा' म्हणालात, तर न्यायाधीश पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील.

चारचे नऊ कसे झाले, याचंही उत्तर काही अंशी तुमच्याच फोनमध्ये आहे. तुम्ही पाठवलेल्या व्हॉट्सॲप संवादात मिस्त्रींनी बंपरचा फोटो टाकून 'क्रोम नवीन करावं लागेल, खर्च वाढेल' असं लिहिलंय, आणि खाली तुमचं उत्तर, 'मस्त! करून टाका', सोबत अंगठा. आसनांचं कापड, बाहेरून मागवलेली काचेची रबरं, इथेही तुमचे अंगठे आहेत. फुकट करायच्या हेतूने न केलेलं काम तुम्ही उपभोगलं तर भरपाई द्यावी लागते, असं कलम ७० सांगतं. त्यामुळे चार लाखांवर अडून बसू नका. ज्या ज्या कामाला तुम्ही होकार दिला त्याची यादी करा आणि जुन्या गाड्यांचं काम जाणणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडून प्रत्येकाचा लेखी दर घ्या. माझा अंदाज असा की खरा आकडा चार आणि नऊच्या मध्ये कुठेतरी निघेल.

जागाभाड्याला मात्र हात जोडून नाही म्हणा. आपलं बिल वसूल व्हावं म्हणून वस्तू अडवायची आणि अडवण्याचंच भाडं लावायचं, हे चालत नाही. १८६० मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे जहाजदुरुस्तीचं असंच प्रकरण आलं होतं. गोदीवाल्याने बिलासाठी जहाज रोखून दिवसाला २१ पौंड लावले होते, ते त्याला मिळाले नाहीत. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण तत्त्व पटण्यासारखं आहे. जागाभाडं आधी ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या वहीच्या पानावर तसं काही दिसत नाही.

धारणाधिकारात विकण्याचा अधिकार येत नाही. सोन्यावर कर्ज देणाऱ्याला वाजवी नोटीस देऊन गहाण दागिना विकता येतो, कारण कलम १७६ तसं सांगतं. मिस्त्रीला फक्त ठेवून घेता येतं.

आता आरसी बुक. तुम्ही ते २०१८ मध्ये 'नंबर प्लेट करायला' दिलंत, आणि गेल्या महिन्यात मिस्त्रींनी तुमच्या आईला कोऱ्या फॉर्मवर सही मागितली, 'आरटीओचं काम आहे' म्हणून. ती सही झाली नाही हे नशीब. कोऱ्या फॉर्मवर कोणीही, कधीही सही करायची नाही. नोटिशीत आरसी बुक वेगळ्या मुद्द्याने परत मागा. आरसीवर वडिलांचं नाव असल्याने, मालक वारल्याचं आणि वारसांच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतराची नोंद करू नये असं पत्र नोंदणी असलेल्या आरटीओला आजच द्या आणि पोच घ्या. बुक परत आलंच नाही तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागता येते.

खरं तर वडील गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत गाडी वारसांच्या नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरायचा होता. तो राहिला. उशिराचा दंड भरून होतं, पण त्यासाठी सगळे वारस लागतात, आणि तुमच्या पत्रात ठाण्याची बहीण फक्त 'तिला गाडीत रस नव्हता' एवढ्यापुरती आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण यांचा प्रत्येकी एक तृतीयांश. वीस हजारांच्या गाडीत तिला रस नव्हता, बारा लाखांच्या गाडीत असू शकतो, आणि असला तर त्यात तिची चूक नाही. मिस्त्रींना नोटीस पाठवण्याआधी तिच्याशी बोला. ती सोडत असेल तर हक्कसोडपत्र करा. जंगम वस्तूसाठी ते नोंदवावं लागत नाही, पण लेखी हवंच.

नोटीस अशी: आमची गाडी आणि आरसी बुक पंधरा दिवसांत द्या, मान्य कामांची रक्कम अमुक, ती ताबा देताच मिळेल. रकमेचा डिमांड ड्राफ्ट तयार ठेवा आणि त्याची छायाप्रत जोडा. पैसे खरोखर पुढे केले की अडवून धरण्याचा आधार डळमळतो. नोटिशीत 'गुंतवणूक' हा शब्द चुकूनही नको. तुम्ही पत्रात तो वापरलाय. वडिलांची गाडी घरासाठी नीट करून घेतली, हे खरं आहे आणि तेच लिहा. गुंतवणूक म्हणालात की ग्राहक आयोगात समोरचा वकील उभा राहून 'सेवा व्यापारी हेतूने घेतली, हे ग्राहकच नाहीत' म्हणणार. पुढे कधी गाडी विकलीत तर प्राप्तिकरातही फरक पडतो. स्वतःच्या वापराची जंगम वस्तू, दागिने आणि कलाकृती वगैरे सोडून, भांडवली मालमत्तेत धरली जात नाही.

उत्तर नाही आलं तर ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार तुमच्या सांगलीतच करता येते, पुण्याला खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र गाडी परस्पर विकली जाण्याची खरी भीती असेल, तर मी दिवाणी न्यायालयात जाईन. तिथे विक्रीला मनाई मिळते, कोर्ट कमिशनर गॅरेजमध्ये जाऊन पंचनामा करतो, वादातली रक्कम कोर्टात भरून ताबा मागता येतो. अशी गाडी दुसरी मिळत नाही, म्हणून केवळ पैशांची भरपाई पुरेशी नाही, हा युक्तिवाद विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ८ मध्ये बसतो. हुकूमनाम्यात गाडी न मिळाल्यास पर्यायी रक्कमही लिहावी लागते. बारा लाखांचा आकडा तिथे कामाला येईल, तेव्हा त्या संग्राहकाचा प्रस्ताव लेखी मिळवा. या दाव्याची मुदत मागणीनंतर नकार आल्यापासून तीन वर्षं धरा. दिवाळीत फोनवर मिळालेला नकारही त्यांचे वकील मोजतील, म्हणून दिवस तिथून गृहीत धरा. फौजदारीच्या वाटेला आत्ताच जाऊ नका. पोलीस 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवतील. गाडी विकली किंवा खोटी सही झाली तर मात्र लगेच जा.

गाडी पाहायला जाल तेव्हा रंगाकडे पाहू नका. बॉनेट उघडा. चासी आणि इंजिन क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा घ्या, आरसीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. उलटी उघडणारी पुढची दारं, हबकॅप, मूळ कार्बुरेटर जागेवर आहेत का, ते बघा. काही मिस्त्री सोय म्हणून पुढच्या काळातल्या पद्मिनीचं इंजिन बसवतात. बसवलं असेल तर ते फक्त सौंदर्याचं नुकसान नाही. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी केलेल्या नियमांत पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी बसते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. त्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. तुमचा क्रमांक 'बी'ने सुरू होणारा, मुंबई राज्याच्या काळातला आहे. संग्राहक पैसे मोजतात त्यात अशा पाटीचाही भाग असतो. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून फियाटच्या आठवणींना जास्तच भाव आलाय असं माझं मत.

तुम्ही लिहिलंय की गाडी आली की आईला दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला न्यायचंय. व्हिंटेज नोंदणी घेतलीत तर ते जमणार नाही. ती गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. वाडीलाच जायचं असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण, तंदुरुस्तीची तपासणी आणि विमा हा मार्ग आहे. कोणता घ्यायचा ते आईला विचारून ठरवा.

आणि ताबा मिळाला तरी पुण्याहून सांगलीला चालवत आणू नका. नोंदणीची मुदत संपलेली, विमा नाही. वाटेत काही झालं तर सगळं वारसांच्या अंगावर येईल. गाडी ट्रकवर चढवा, आणि पावतीवर 'बिलाची रक्कम हरकत राखून दिली' असं लिहूनच मिस्त्रींची सही घ्या.