अंतर तेच, मग जायला आठ तास आणि यायला सात कसे?

प्रश्न : लंडन ते न्यूयॉर्क अंतर सर्च केलं तर साधारण ५,५५० किमी दाखवतं. विमान ताशी ९०० ने उडतं धरलं तर सहा-सव्वासहा तासांत पोचायला पाहिजे ना? पण तिकिटावर जाताना आठेक तास आणि येताना सातच. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो का?

उत्तर : पृथ्वी फिरते म्हणून नाही, म्हणजे लोक समजतात तसं तरी नाही, कारण जमिनीबरोबर हवापण फिरत असते आणि विमान त्याच हवेत असतं, त्यामुळे खालून शहर सरकत सरकत जवळ येतंय असं काही होत नाही. खरा खेळ वाऱ्याचा आहे. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि विमानंही साधारण त्याच उंचीवर उडतात. तुम्ही धरलेला ९०० चा वेग हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या नाही. वारा ताशी १५० चा असला तर न्यूयॉर्कहून येताना जमिनीवरचा वेग १,०५० होतो आणि जाताना ७५०, आता भागाकार करून बघा, सव्वापाच तास आणि जवळपास साडेसात तास! हिवाळ्यात वारा आणखी जोरात असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आतच पोचलं होतं, ४ तास ५६ मिनिटांत.

मग तिकिटावर सात तास का, तर तो वेळ फक्त हवेतला नसतो. विमान गेटवरून मागे सरकलं की मोजायला सुरुवात होते ती थेट उतरून दुसऱ्या गेटला लागेपर्यंत. रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरण्याआधी घिरट्या, हे सगळं त्यात येतं, आणि उशीर होऊ नये म्हणून कंपन्या थोडा वेळ वरून पण धरतात.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते, तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नका. लंडनहून सकाळी १० ला निघून दुपारी १ ला न्यूयॉर्क असं लिहिलेलं दिसलं तर तो प्रवास तीन तासांचा नाही, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात आणि न्यूयॉर्क पाच तास मागे आहे, म्हणजे झाले आठ. पुढची फ्लाइट पकडायची असेल तर हे नीट बघाच.

प्रश्न : नकाशावर विमान सरळ न जाता वर वळून का जातं? लांबचा रस्ता नाही का तो?

उत्तर : उलट जवळचा आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो आयर्लंड, कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या बाजूने जाईल, सपाट कागदावर तोच वाकडा दिसतो. पण रोज अगदी त्याच दोऱ्यावरून उडतात असंही नाही, वारा बघून अटलांटिकवरचे मार्ग रोज नव्याने आखले जातात. आणि कधी कधी एखाद्या देशाची हवाई हद्दच बंद असते. २०२२ मध्ये रशियाने युरोपच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून हेलसिंकी ते टोकियो जे साडेनऊ-दहा तासांत व्हायचं त्याला फिनलंडच्या विमानांना वळसा घालून बारा-तेरा तास लागतात, शहरं आहेत तिथेच आहेत.