गुजरी महाल पाहायला जाताना

पहिल्यांदाच ग्वाल्हेरला जात असाल, तर आधी किल्ला चढून, दमल्यावर परतीच्या वाटेवर गुजरी महाल उरकण्याची चूक करू नका. राजा मानसिंह तोमराने (राज्यकाळ 1486 ते 1516) आपल्या गुजरी राणीसाठी, मृगनयनीसाठी, बांधलेल्या या महालात ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने, पुरातत्त्वज्ञ मो. ब. गर्दे यांच्या पुढाकाराने, संग्रहालय उभे केले. मराठी वाचकाला हे ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे तिथे सापडलेले प्रसिद्ध स्त्रीशिल्प, सर्वजण पाहतात, तुम्हीही पाहाच. पण माझ्या मते खरा वेळ पवाया, म्हणजे प्राचीन पद्मावती, येथील गुप्तकालीन शिल्पपट्टीला द्यावा. मध्यभागी नृत्य करणारी स्त्री आणि तिच्याभोवती धनुष्याकृती वीणा, बासरी व तालवाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया या पट्टीत कोरलेल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या हातांची ठेवण वेगळी असल्यामुळे पट्टी घाईने पाहिल्यास काहीच हाती लागत नाही.

मध्य प्रदेशातील बाघ या बौद्ध लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृतीही चुकवू नका, कारण मूळ चित्रे फार झिजली आहेत. शेवटी अंगणात थांबून दगडी कमानी आणि नक्षीदार आधार निरखा. तो महालही संग्रहातील एक वस्तूच आहे. सुटीचा वार मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्या.