एकादशीची खिचडी आणि सोसायटीतलं हॅलोविन

प्रिय सोनू,

बटाटा, मिरची, शेंगदाणे अमेरिका खंडातून आले असं सरांनी शिकवलं. मग एकादशीची खिचडी आपली आणि हॅलोविन परकं असं आजी का म्हणते, हे तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे.

सरांचं खरं आहे. त्यात साबुदाणाही धर. तो ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आता साबुदाणा येतो तमिळनाडूतल्या सेलमकडून. रताळंही तिकडचंच. ज्ञानेश्वरांच्या काळच्या वारकऱ्यांनी बटाटा किंवा मिरची पाहिलीही नव्हती. हे सगळं गेल्या पाचशे वर्षांत, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजलं.

तरी खिचडी आपलीच. साबुदाणा किती पाण्यात भिजवायचा, कूट कधी लावायचं, गोळा होऊ नये म्हणून झाकण केव्हा काढायचं, हे आपल्या बायकांनी करून करून ठरवलं. आजीला तिच्या आईने शिकवलं, आजीने मला.

आता हॅलोविन. मी जिथे नोकरी करते त्या आयर्लंडचाच हा सण. पूर्वी इथे सलगम कोरून दिवे करत. 1845 पासून काही वर्षं इथलं बटाट्याचं पीक कुजलं, मोठा दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अमेरिकेला गेली. त्यांच्याबरोबर सणही गेला, तिथे सलगमाऐवजी भोपळा आला, आणि आता डब्लिनमध्येही भोपळेच कोरतात. माझ्या वॉर्डातली एक नर्स त्या दिवशी घरी केलेला मनुकांचा पाव आणते. त्यात अंगठी लपवलेली असते. जिला मिळेल तिचं लग्न लवकर! म्हणजे हा सण वाईट मुळीच नाही.

पण तुमच्या सोसायटीत काय झालं ते तूच लिहिलंस: वर्गणी काढली, इव्हेंटवाले आले, प्लास्टिकचे सांगाडे टांगले, दोन तासांत आवरून गेले. तुम्ही मुलांनी काहीच केलं नाही. आजीला तेच खुपत असणार.

तिने लालबाग बदलताना पाहिलंय, राजा. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. 1991 नंतर देशात परदेशी पैसा आणि परदेशी दुकानं आली, गिरण्यांच्या जमिनींवर मॉल, ऑफिसं, टॉवर उभे राहिले. आजोबांचं भजनी मंडळ त्यातच मोडलं. कोणाला भजन नकोसं झालं नव्हतं. बुवा विरारला गेले, पखवाजवाला बदलापूरला, आणि शनिवारी रात्री एकत्र बसायला चाळीची गॅलरीच उरली नाही. बाहेरचा पदार्थ किंवा सण आला म्हणून मला कधी भीती वाटली नाही. आपली माणसं पांगतात तेव्हा मात्र वाटते, कारण या गोष्टी एकट्याने होत नाहीत.

म्हणून हॅलोविनला खुशाल जा, आजीशी मी बोलते. पण पुढच्या वर्षी भोपळा विकत आणायचा आणि तुम्ही मुलांनी कोरायचा, सुरी मोठ्यांच्या हातात. आणि दिवाळीचा किल्ला करायचाच. माती, गोणपाट आणि विटा कुठून आणायच्या ते आजीला पक्कं ठाऊक आहे. जागेसाठी सेक्रेटरीकाकांना आत्तापासून विचारून ठेव. पार्किंगचं कारण सांगू लागले तर माझा नंबर त्यांना दे.

तुझी,
आई