गुणोत्तर श्रेढीच्या अनंत पदांची बेरीज निश्चित संख्या कशी असते?

तुमचा प्रश्न असा आहे की, गुणोत्तर श्रेढीच्या (जिच्यात प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच संख्येने, म्हणजे गुणोत्तराने, गुणून मिळते) ठरावीक पदांची बेरीज तुम्हाला काढता येते, परंतु पदे कधीच संपत नसताना बेरीज एखाद्या संख्येवर कशी थांबते आणि ते सूत्र केव्हा वापरावे, हे उमगत नाही. मी फोंड्याला अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. माझ्या पाहण्यात ही अडचण बहुधा पहिले सूत्र नुसते पाठ केल्यामुळे येते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पहिले पद अ, गुणोत्तर ग आणि पदांची संख्या न मानू. बेरीज ब = अ + अग + अग² + … + अग^(न−१). ही संपूर्ण ओळ ग ने गुणून मूळ ओळीतून वजा केली, की मधली सारी पदे उडतात आणि ब(१ − ग) = अ(१ − ग^न) एवढेच उरते. ग = १ नसेल, तर ब = अ(१ − ग^न)/(१ − ग). ग = १ असेल, तर सगळी पदे सारखीच असल्यामुळे बेरीज अ × न होते.

समजा, चतुर्थीच्या खर्चासाठी तुम्ही दर महिन्याच्या आरंभी १,००० रुपये बाजूला ठेवता आणि त्यावर दरमहा ०.५ टक्के चक्रवाढ व्याज मिळते. शेवटच्या हप्त्यालाही एका महिन्याचे व्याज मिळत असल्याने पहिले पद १,००० नसून १,००५ आहे, गुणोत्तर १.००५ आणि पदे १२. सूत्राने वर्षअखेरची रक्कम सुमारे १२,३९७ रुपये येते. मुलांचे गुण सूत्र विसरल्यामुळे फारसे जात नाहीत, ते पहिले पद चुकीचे धरल्यामुळे जातात.

आता हेच सूत्र दोन तुकड्यांत लिहा: ब = अ/(१ − ग) − अग^न/(१ − ग). पहिल्या तुकड्यात न कुठेच नाही. दुसरा तुकडा म्हणजे अजून राहिलेले अंतर. ग = ०.९ घेतल्यास ग^न ची किंमत दहाव्या घाताला सुमारे ०.३४९, पन्नासाव्याला ०.००५२ आणि शंभराव्याला ०.००००२७ होते. ग हा −१ आणि १ यांच्या दरम्यान असला, की हे अंतर आपण ठरवू त्याहून लहान करता येते. म्हणून 'अनंत पदांची बेरीज' म्हणताना प्रत्यक्षात कुणी अनंत पदे मिळवत बसत नाही. सान्त बेरजा, म्हणजे ठरावीक पदांपर्यंतच्या बेरजा, ज्या संख्येच्या हव्या तितक्या जवळ जाऊन तिथेच राहतात, ती संख्या अ/(१ − ग) असते.

केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी यांनी आर्यभटीयावरील भाष्यात १/४ + १/१६ + १/६४ + … = १/३ हे अशाच विचाराने दाखवले आहे. १/३ मधून १/४ काढले की १/१२ उरते, त्यातून १/१६ काढले की १/४८. म्हणजे दर वेळी शेवटच्या पदाचा तिसरा हिस्साच शिल्लक राहतो आणि तो घटत जातो. पुस्तकातल्या कोणत्याही सिद्धतेपेक्षा ही मला अधिक प्रिय आहे, कारण उरलेला भाग यात डोळ्यांसमोर दिसतो.

इंटरनेटवर 'ब = अ + गब, म्हणून ब = अ/(१ − ग)' असा झटपट मार्ग सांगितला जातो, त्याबाबत मात्र सावध राहा. १ + २ + ४ + ८ + … यावर तो चालवला, तर ब = १ + २ब, म्हणजे ब = −१ येते; धन संख्यांची बेरीज ऋण! चूक बीजगणिताची नाही. बेरीज अस्तित्वात आहे हे न तपासता तिला ब हे नाव दिले, ही चूक आहे. १ − १ + १ − १ + … यातही सान्त बेरजा १ आणि ० यांच्यात हेलकावे खात राहतात, त्यामुळे तिथेही सूत्र लागू नाही.

परीक्षेत १ + २क + ४क² + ८क³ + … असे चलपद असलेले गणित आले, तर आधी गुणोत्तर २क आहे हे लिहा, मग क हा −१/२ आणि १/२ यांच्या दरम्यान हवा ही अट लिहा, आणि त्यानंतरच १/(१ − २क) हे उत्तर मांडा.