चिपी ते नागपूर: हवाई अंतर आणि वेळ कसा काढायचा

पहिली चूक म्हणजे नकाशावरचं रस्त्याचं अंतर धरणं. विमानाला घाट लागत नाहीत, अक्षांश-रेखांश घ्या.

चिपी (परुळ्याजवळचा सिंधुदुर्ग विमानतळ) साधारण १६°००' उत्तर, ७३°३२' पूर्व. नागपूर २१°०५', ७९°०३'. मिनिटांना ६० ने भागून दशांश करा, कारण २१°०५' म्हणजे २१.०५ नव्हे, २१.०८. नवशिका इथेच हमखास फसतो. अक्षांशातला फरक ५.०८ गुणिले १११ (अक्षांशाच्या एका अंशाचे किमी), म्हणजे ५६४ किमी. रेखांशाच्या अंशाला मात्र १११ लावू नका. आपल्या पट्ट्यात तो साधारण १०५ किमी भरतो. ५.५२ गुणिले १०५, म्हणजे ५८०. दोघांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: सुमारे ८१० किमी.

आता वेळ. एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) ताशी ५०० किमीच्या आसपास, जेट ८०० च्या आसपास. भागाकार करून वर अर्धा तास धरा: धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं. एटीआरला दोन तासांहून थोडं जास्त, जेटला दीड. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे परतीला थोडा जास्त वेळ लागतो.

पण थेट विमान आहे का, ते आधी बघा! मुंबईमार्गे ३५० अधिक ६८०, म्हणजे १,०३० किमी, आणि मधला थांबा वेगळाच. पावसाळ्यात ढग खाली आले की विमान दुसरीकडे वळवतात. पुढच्या प्रवासाचं तिकीट लगोलगच्या वेळेचं काढू नका.